कौटुंबिक दाव्यात मोफत वकील: कोणाला मिळतो आणि कसा मागायचा

आमच्या भागात पोरगी माहेरी आली की आधी बैठक बसते. मग दुसरी बसते. पंच, पाहुणे, दोन्हीकडचे मामा बोलून जातात आणि काहीच निघालं नाही की कोणीतरी म्हणतं, "आता कोर्टात जा." कोर्टात जायचं म्हणजे नक्की कुठं, कोणाकडं, किती पैसे घेऊन, हे मात्र कोणी सांगत नाही. वकिलाची फी ऐकली की बाप गप्प होतो आणि पोटगीचा विषय पुढच्या सुगीवर ढकलला जातो.

मी अंगणवाडी सेविका आहे, परभणी जिल्ह्यातली. माझा आणि माझ्या मुलाचा पोटगीचा दावा तालुका विधी सेवा समितीनं दिलेल्या वकिलांनी चालवला. मी त्यांना फी म्हणून एक रुपया दिला नाही. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच बायकांसोबत, आणि काही पुरुषांसोबतही, मी त्या कार्यालयात गेले आहे. बहुतेक जण एकाच जागी अडकलेले असतात. आपण यात बसत नाही, असं त्यांनी घरीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून या लेखात पात्रतेवर जास्त लिहिते आणि बाकीचं त्यामागून.

1. आधी आपण पात्र आहोत का ते पाहा

मोफत वकील मिळतो तो विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 या कायद्यानं. तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. कोणाला मदत द्यायची ते त्याच्या कलम 12 मध्ये लिहिलेलं आहे. कार्यालयात कोणी वेगळं सांगितलं तर "कलम 12 प्रमाणे सांगा" एवढं म्हणायला शिका.

*स्त्री.* कोणतीही स्त्री पात्र आहे. उत्पन्नाची अट नाही, जातीची अट नाही. नोकरी असो, माहेरी दहा एकर बागायत असो, तरी पात्र. मला एका माणसानं कोर्टाच्या आवारातच सांगितलं होतं, "तुम्हाला मानधन आहे, तुम्हाला नाही मिळायचं." ते चूक होतं. शिक्षिका, नर्स, बचत गटाची अध्यक्ष, सगळ्यांना मिळतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सुनेनं केलेल्या अर्जात सासूचं किंवा नणंदेचं नाव असेल, तर ती सासू आणि ती नणंदही स्त्रीच आहे. तिलाही स्वतंत्र वकील मागता येतो.

*मूल.* अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलासाठीही उत्पन्नाची अट नाही. ताब्याच्या किंवा पोटगीच्या दाव्यात मुलाच्या नावानं मदत मागता येते.

*अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती.* स्त्री असो की पुरुष, उत्पन्न कितीही असो. बौद्ध बांधवांनी इथं अडखळू नये. 1990 च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचे लाभ लागू आहेत. जातीचा दाखला सोबत ठेवा. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती किंवा मराठा समाजातल्या पुरुषाला मात्र नुसत्या जातीच्या दाखल्यावर वकील मिळत नाही. त्याला उत्पन्नाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या निकषात बसावं लागतं. बीडकडचे ऊसतोड कामगार बंधू इथंच निराश होऊन परत जातात. त्यांच्यासाठी उत्पन्नाची वाट उघडी आहे, ती खाली दिली आहे.

*दिव्यांग व्यक्ती.* प्रमाणपत्र जोडायचं.

*औद्योगिक कामगार.* ही ओळ फार कमी लोकांना माहीत आहे. वाळूज, शेंद्रा किंवा चाकणच्या कंपनीत मशीनवर काम करणारा कामगार या निकषात बसतो, आणि याला उत्पन्नाची मर्यादा जोडलेली नाही. मॅनेजर, अधिकारी या वर्गात येत नाहीत. कंपनीचं ओळखपत्र आणि पगारपत्रक लागेल.

*तुरुंगात, बालगृहात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेली व्यक्ती.* नवरा न्यायालयीन कोठडीत असताना बायकोनं पोटगी मागितली, तर त्यालाही वकील मिळतो.

*मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती.* मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून डांबून ठेवलेल्या जोडप्यांच्या बातम्या आपण वाचतो. अशांनी हे जरूर सांगावं.

*पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा अशाच एखाद्या आपत्तीनं हलाखीत आलेली व्यक्ती.* 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आणि एकाआड एक वर्ष दुष्काळ काढणाऱ्या मराठवाड्याला ही ओळ परकी नाही. तरी माझा सल्ला असा, की शेतकरी पुरुषानं फक्त दुष्काळावर भिस्त ठेवू नये. उत्पन्नाचा दाखला मुख्य ठेवावा आणि अर्जात दुष्काळाचं, अतिवृष्टीच्या पंचनाम्याचं जोड कारण लिहावं. दाखला हातात असला की कोणी वाद घालत नाही.

*कमी उत्पन्न.* वरच्या कशातच न बसणाऱ्या पुरुषासाठी ही वाट. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असेल तर 5 लाख. पुण्यात महिना 22 हजारांवर काम करणाऱ्याचे वर्षाचे 2 लाख 64 हजार होतात, म्हणजे तो बसतो. महिना 30 हजारवाल्याचे 3 लाख 60 हजार होतात, तो बसत नाही. पण तोच मशीनवरचा कामगार असेल तर वरच्या निकषात येतो. उत्पन्नाबद्दल कायद्यानुसार शपथपत्र पुरतं, त्यावर शंका घ्यायला कारण असेल तरच पुढची चौकशी होते. तरी तहसीलचा दाखला काढून ठेवलेला बरा.

पात्रतेशिवाय आणखी एक अट आहे: दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं पाहिजे. म्हणून अर्जात काय घडलं ते तारखांसह, नीट लिहायचं.

नवरा आणि बायको दोघंही पात्र असतील तर दोघांनाही वकील मिळतो, अर्थात वेगवेगळा. "तिला आधीच दिला, आता तुम्हाला नाही" असं कोणाला म्हणता येत नाही.

2. कोणत्या कार्यालयात जायचं

आधी कोर्ट कोणतं ते समजून घ्या. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे, उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, तिथं घटस्फोट, पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं त्याच कोर्टात चालतं. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जिथं नाही, तिथं हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं, आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. हा पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली व्हायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं आहे. लोक अजून "एकशे पंचवीसची केस" म्हणतात, घाबरू नका, तेच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जातो.

वकिलासाठीचा अर्ज मात्र कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात द्यायचा:

- तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती
- जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण
- खंडपीठात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती

कुठं जायचं कळत नसेल तर 15100 वर फोन करा. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे नालसाचा, मदत क्रमांक आहे. नालसाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

आवारात "सरकारी वकील कुठं बसतात" असं विचारू नका. ते सरकारच्या बाजूनं फौजदारी खटले चालवतात आणि तुम्हाला हात हलवत परत पाठवतील. तिथंच लोकअभिरक्षक कार्यालयाची पाटी दिसेल. तेही फौजदारी खटल्यातल्या आरोपींसाठी आहे. पोटगी, घटस्फोट, ताबा यासाठी पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवेच्या यादीतला, वकील नेमला जातो. "विधी सेवा समितीचं ऑफिस" असंच विचारा.

माहेरी राहणाऱ्या बहिणींनो, दावा सासरच्या तालुक्यातच लावावा लागतो हा गैरसमज काढून टाका. पोटगी, घटस्फोट आणि कौटुंबिक हिंसाचार, तिन्ही अर्ज तुम्ही आता राहता तिथल्या कोर्टात करता येतात. नवऱ्यानं पुण्यात किंवा मुंबईत दावा टाकला असेल, तर तो इकडं वर्ग करून मागायला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, आणि त्या अर्जासाठीही मोफत वकील मागता येतो.

3. कागद गोळा करा

अर्जासाठी लागणारे कागद थोडेच आहेत:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो
- पात्रतेचा पुरावा: जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, कामगाराचं ओळखपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. स्त्रीला यातलं काहीच लागत नाही.
- कोर्टाची नोटीस किंवा समन्स आलं असेल तर त्याची झेरॉक्स, लिफाफ्यासह
- आधी चाललेल्या प्रकरणाचा क्रमांक

उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो आणि त्याला दिवस लागतात. तोवर अर्ज थांबवू नका. शपथपत्र देऊन अर्ज टाका, दाखला मागाहून जोडा. स्टँप पेपर घ्यायला सांगितलं तर विकत घेण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे.

दाव्यासाठीचे कागद वेगळे, आणि ते जितके जास्त तितके चांगले. लग्नाचा नोंदणी दाखला नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, मंगल कार्यालयाची पावती. मुलांचे जन्मदाखले. दवाखान्याचे कागद. पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये (घरगुती तक्रारींचा कक्ष) गेला असाल तर तिथले कागद.

पोटगीच्या दाव्यात खरी लढाई नवऱ्याच्या उत्पन्नावर होते, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते. कोर्टात जवळजवळ प्रत्येक नवरा "मला काहीच उत्पन्न नाही, जमीन वडिलांच्या नावावर आहे" असं सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्याघेण्याचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यानं खोटं लिहिलं तर ते दाखवायला तुमच्याकडं कागद हवेत. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात. सासऱ्याच्या नावाचेही काढा. सोयाबीन-कापूस कोणत्या आडतीवर जातो, उसाचं बिल कोणत्या कारखान्याचं आणि कोणत्या बँकेत पडतं, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आहे, गाळा भाड्यानं दिला आहे का, हे एका कागदावर लिहून वकिलाला द्या. माझ्या वहीत आडतीच्या दोन पट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, त्यावर नवऱ्याचं नाव आणि क्विंटलचे आकडे स्पष्ट होते. माझ्या वकिलांनी उलटतपासणीत पहिल्यांदा त्याच काढल्या.

4. अर्ज लिहा, द्या, पोच घ्या

अर्जाचा छापील नमुना कार्यालयात मोफत मिळतो. बाहेर टेबल टाकून बसलेले लोक त्याचेच पैसे घेतात, देऊ नका. नमुना नसेल तर साध्या कागदावर लिहा. लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी सांगा. तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात आणि अंगठा घेतात. नमुना म्हणून हा मजकूर पाहा:

> प्रति, मा. अध्यक्ष, तालुका विधी सेवा समिती.
> विषय: पोटगीच्या अर्जासाठी मोफत वकील मिळणेबाबत.
> मी खाली सही करणार, राहणार अमुक गाव. माझं लग्न अमुक तारखेला झालं. मला एक मुलगा आहे, वय सहा. अमुक महिन्यात पतीनं मारहाण करून मला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून खर्चासाठी काही दिलेलं नाही. पतीची शेती आहे आणि किराणा दुकान आहे. मला माझ्यासाठी व मुलासाठी पोटगीचा अर्ज करायचा आहे. मी स्त्री असल्यानं विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे पात्र आहे. तरी वकील नेमून द्यावा. याच कामासाठी मी दुसरा वकील नेमलेला नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आधीच खासगी वकील लावला असेल तर ते लपवू नका. त्यांच्याकडून ना हरकत घेऊन मगच अर्ज करा. मदत चालू असताना गुपचूप दुसरा वकील लावला, खोटी माहिती दिली किंवा तारखांना सहकार्य केलं नाही, तर मिळालेली मदत काढून घेता येते.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याशिवाय कार्यालयातून उठू नका. नालसाच्या 2010 च्या विनियमांप्रमाणे अर्जावर लगेच, आणि फार तर सात दिवसांत, निर्णय व्हायला हवा. पोचच नसेल तर ते सात दिवस मोजायचे कुठून?

तुमची तारीख जवळ आली असेल तर अर्जावर वर ठळक लिहा: "पुढील तारीख अमुक". आणि वकील नेमला जाईपर्यंत त्या तारखेला स्वतः हजर राहा. न्यायाधीशांना पोच दाखवून "विधी सेवेकडं वकिलासाठी अर्ज केला आहे, मुदत द्यावी" असं सांगा. स्वतः बोलायला कसली बंदी नाही.

5. वकील नेमल्यावर

तुम्हाला नेमणुकीचं पत्र मिळतं. त्यात वकिलांचं नाव असतं. ते घेऊन लवकर भेटा, कारण पत्र निघालं म्हणून वकील तुमच्या गावाला येणार नाहीत. पहिल्या भेटीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती स्वतःकडं ठेवा. वकीलपत्रावर सही करताना ते पूर्ण भरलेलं आहे का पाहा. कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका, आपल्या वकिलांनाही नाही.

फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, निकालाच्या प्रमाणित प्रती, हे सगळं विधी सेवेत येतं. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. खासगी वकील लावलेल्या बाईलाही. ही माहिती माहेरच्या प्रत्येक बाईपर्यंत जायला हवी.

तारखा स्वतः पाहायला शिका. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी खास सूचना. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागतं ते उन्हाळ्याच्या तोंडालाच उघडतं. या काळात आलेली नोटीस दाराला चिकटवली जाते, बजावणी झाली असं धरलं जातं आणि दावा एकतर्फी चालतो. कारखान्यावर जाण्याआधी वकिलांना भेटा, कोणत्या महिन्यात कुठं असाल ते लेखी द्या, गावात राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा फोन क्रमांक द्या. एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करायचा अर्ज करता येतो. नोटीस खरंच मिळाली नसेल तर निकाल कळल्यापासून तीस दिवसांच्या आत. इथं दिवस फार महत्त्वाचे आहेत, कोयता अर्धा टाकून यावं लागलं तरी या.

6. कौटुंबिक न्यायालय असेल तर ही वेगळी परवानगी घ्या

"फॅमिली कोर्टात वकील चालत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात अर्धं खरं आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे वकील हा तिथं हक्क म्हणून मागता येत नाही. न्यायाधीशांची परवानगी लागते. ती मागायला छोटा अर्ज करावा लागतो, आणि नेमलेले वकील तो वकीलपत्रासोबतच देतात. समोरच्या बाजूनं वकील आहे, मला लिहिता-वाचता येत नाही, मालमत्तेचे कागद गुंतागुंतीचे आहेत, अशी कारणं त्यात लिहा. विधी सेवेचं नेमणूक पत्र जोडा.

त्या कोर्टात सुरुवातीला विवाह समुपदेशकांकडं पाठवतात. तिथं सहसा नवरा-बायकोच बसतात, वकील नसतात. एकटीनं जायला भीती वाटते, मी समजू शकते. जे मनात आहे ते बोला. नांदायला जायचं नसेल तर नाही म्हणा. कोणाच्या दबावाखाली सही करायची नाही.

7. या सापळ्यांपासून जपा

*बाँडवरची फारकत.* आमच्याकडचा सगळ्यात मोठा सापळा हाच. बैठकीत शंभर-पाचशेच्या बाँडवर "आम्ही राजीखुशीनं फारकत घेतली, यापुढे एकमेकांवर हक्क नाही" असं लिहून दोघांच्या सह्या, पाच पंचांच्या सह्या. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न अशा कागदानं मोडत नाही. रूढीनं चालत आलेली फारकत कायदा मानतो, पण ती रूढी आपल्या समाजात आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. असा कागद झाला म्हणून "आता मला वकीलही मिळणार नाही आणि पोटगीही नाही" असं समजून घरी बसू नका. पात्रता कलम 12 वरून ठरते, बाँडवरून नाही. तो कागद लपवू नका, वकिलांच्या हातात द्या.

*"नांदायला ये" अशी नोटीस.* ती आली की बायका घाबरतात, कारण गेली नाही तर पोटगी बुडेल असं सांगितलेलं असतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, की नांदायला जाण्याचा हुकूमनामा झाला आणि ती गेली नाही एवढ्यावरून पोटगी आपोआप नाकारता येत नाही; न जाण्याला पुरेसं कारण होतं का ते पाहावं लागतं. नोटिशीला उत्तर मात्र द्यायलाच हवं. त्या उत्तरासाठीही मोफत वकील मिळतो.

*"मुस्लिम बाईला ही पोटगी लागू नाही."* लागू आहे. 10 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही हा अर्ज करता येतो असं सांगितलं. आणि मोफत वकील तर कोणत्याही धर्माच्या स्त्रीला आहे.

*पैशाची मागणी.* पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन प्राधिकरण देतं. त्यांनी पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. "वरखर्चाचे थोडे द्या" असं ऐकू आलं तर भांडू नका, देऊही नका. तारीख आणि आकडा वहीत लिहा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. वकील तारखांना येत नसतील, फोन उचलत नसतील, तरी तिथंच अर्ज करून वकील बदलून मागता येतो. हा अर्ज करताना मन कचरतं, माहीत आहे. समोरचा माणूस शिकलेला आणि आपण त्याच्याकडून फुकट मदत घेतोय असं वाटतं. ती मदत कायद्यानं दिलेली आहे. चांगले वकील या पॅनेलवर आहेत, मला तसेच मिळाले. ज्यांना तसे मिळाले नाहीत त्यांनी गप्प बसू नये.

*लोकअदालतीतली घाई.* तडजोड चांगलीच, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. एकरकमी आकडा ठरला तर तो कधी, कोणत्या खात्यात, आणि मुलाच्या शिक्षणाचं काय, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका. एक दिवस विचाराला मागितला तर कोणी नाही म्हणत नाही.

8. अंतरिम पोटगी लगेच मागा

वकील मिळाला की पहिलं काम म्हणून हे सांगा. मूळ निकालाला वेळ लागतो, तोवर घर चालायला हवं. कलम 144 खालच्या अंतरिम अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्चही मागता येतो, आणि हे कलम स्वतःचं उत्पन्न नसलेल्या नवऱ्यालाही खुलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात राहायला जागा आणि संरक्षणाचा आदेशही मागा. त्यासाठी तालुक्याचे संरक्षण अधिकारी मदत करतात. तुम्हाला विधी सेवेपर्यंत पोहोचवणं हे त्यांच्या कामातच येतं. तातडीचा धोका असेल तर कागदपत्रांची वाट न पाहता 181 किंवा 112 वर फोन करा.

9. अर्ज नाकारला किंवा निकाल विरोधात गेला तर

वकिलाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. त्याविरुद्ध त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडं अपील करता येतं; जिल्ह्यात ते प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. बहुतेक वेळा कागद अपुरा म्हणून अडलेलं असतं. कागद जोडून पुन्हा अर्ज करायलाही बंदी नाही.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्धचं अपील आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. मुदत तीस दिवस की नव्वद, यावर वकील चर्चा करतील. तुम्ही तीस धरून चाला. तालुक्यात मिळालेले वकील खंडपीठात आपोआप येत नाहीत. तिथल्या उपसमितीकडं नवा अर्ज करावा लागतो, तो जिल्हा प्राधिकरणामार्फत पाठवता येतो. सोबत निकालाची प्रत, आधीचं नेमणूक पत्र आणि पात्रतेचा तोच पुरावा जोडायचा.